याद्यांचा अर्थ : नाणेघाट, भीमाशंकर आणि आळे येथील तीन पाठ

धर्मग्रंथांचा बराचसा भाग कंटाळवाणा असतो, हे विधान श्रद्धाळू वाचकाला उद्धट वाटेल आणि साहित्यसमीक्षकाला अनावश्यक. श्रद्धाळू वाचक तो भाग पारायणात न अडखळता म्हणून टाकतो. समीक्षक तो गाळून पुढे जातो. दोघांच्याही व्यवहारात त्याचे वाचन होत नाही. यज्ञांच्या दक्षिणा, दात्यांची नावे, धान्यांच्या आणि देवतांच्या नामावळ्या, पुन्हा पुन्हा येणारी साचेबंद वाक्ये हे सारे ग्रंथात असते, पण अर्थनिर्णयनाच्या कक्षेत येत नाही. या भागाला अर्थ आहे का आणि असल्यास तो कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या परिसरातील तीन पाठांच्या आधारे तपासायचा आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख, भीमाशंकरासारख्या शिवस्थानी म्हटला जाणारा रुद्रपाठ आणि आळे येथील रेड्याच्या समाधीशी निगडित असलेली वेदपठणाची कथा, हे ते तीन पाठ. काळ, भाषा आणि संप्रदाय या तिन्ही दृष्टींनी ते एकमेकांपासून दूर आहेत. परंतु तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच उभा राहतो.

हा प्रश्न मराठी समीक्षेच्या दृष्टीने विशेष निकडीचा आहे. आपली आधुनिक वाचनदृष्टी वेच्यांवर पोसली गेली. परशुरामपंत गोडबोले यांनी संपादित केलेले ‘नवनीत’ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जुन्या मराठी काव्याचा परिचय म्हणजे त्यातील लोणी काढून घेणे, ही धारणा शालेय शिक्षणातून पक्की होत गेली. त्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही. पण लोणी काढल्यावर उरते ते ताक, आणि ताकाकडे पाहण्याची सवय मात्र सुटली. पुढे सौंदर्यवादी समीक्षेने या सवयीला तात्त्विक अधिष्ठान दिले. परिणामी सातवाहनांच्या काळाचा विचार करताना ‘गाथासप्तशती’ साहित्याच्या वाट्याला आली आणि नाणेघाटचा लेख इतिहासकारांच्या. दोहोंची भाषा प्राकृत, दोन्ही सातवाहन राजकुलाशी जोडलेले. तरी एक काव्य ठरले आणि दुसरे साधन.

२

कंटाळवाण्या पाठाचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. यास्काच्या निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात कौत्साचे मत येते. मंत्रांना अर्थ नाही, असे कौत्साचे म्हणणे. त्याचे आक्षेप आजच्या वाचकालाही सुचावेत असे आहेत : मंत्रांतील शब्दांचा क्रम बदलता येत नाही, काही विधाने परस्परविरोधी आहेत, काही अशक्य गोष्टी सांगतात, काही शब्द कळतच नाहीत. यास्क त्याला उत्तर देतो आणि पुढे अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा योजणारे एक जुने वचनही नोंदवतो. ही ओझ्याची प्रतिमा पुढे उपयोगी पडणार आहे.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे मांडला आहे. वेदाचे प्रयोजन क्रिया सांगणे हे असेल, तर ज्या वाक्यांतून कोणतीच क्रिया सांगितली जात नाही ती निरर्थक ठरतात, हा पूर्वपक्ष. त्यावर सिद्धान्त असा की, अशी वाक्ये विधिवाक्याशी एकवाक्यता पावतात. विहित कर्माची स्तुती करून ती विधीला साहाय्य करतात. यालाच अर्थवाद म्हणतात. या उत्तराचे महत्त्व असे की, नीरस वाक्यात दडलेले रहस्य शोधण्याचा मोह मीमांसक टाळतात. त्या वाक्याचा अर्थ त्याच्या पोटात नसून ते ज्या कार्याला जोडलेले आहे त्या कार्यात आहे, असे ते म्हणतात. ‘या वाक्यात काय दडले आहे’ या प्रश्नाची जागा येथे ‘हे वाक्य कशासाठी आहे’ हा प्रश्न घेतो.

एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्यूलरने ब्राह्मणग्रंथांची संभावना धर्मपंडितांची बडबड अशा शब्दांत केली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिट्स स्टाल या अभ्यासकाने १९७५ मध्ये केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनाची सविस्तर नोंद केली आणि १९८९ च्या आपल्या ग्रंथात, कर्मकांड आणि मंत्र हे नियमांनी बांधलेले असले तरी अर्थवाही नसतात, असा पक्ष मांडला. म्हणजे कौत्स पुन्हा अवतरला, फरक इतकाच की या वेळी त्याच्या हाती भाषाशास्त्र होते. म्यूलरचा तिटकारा आणि स्टालचा तटस्थपणा यांत फरक मोठा आहे. पण दोघेही अर्थ शोधतात तो वाक्याच्या आत, आणि तेथे तो न सापडल्यामुळे थांबतात. मीमांसकांनी दाखवलेली वाट दोघांनाही फारशी उपयोगाची वाटलेली नाही. ती आपण नाणेघाटात वापरून पाहू.

३

कोकणातून जुन्नरकडे येणारी जुनी व्यापारी वाट ज्या खिंडीतून देशावर चढते, त्या खिंडीच्या माथ्याजवळ नाणेघाटचे लेणे आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स याने ते आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस आणले. भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील लेखांच्या वाचनाचा पाया घातला. गेओर्ग ब्यूलर याने १८८३ मध्ये ते प्रसिद्ध केले. वा. वि. मिराशी यांच्या सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरील १९७९ च्या ग्रंथामुळे ही सामग्री मराठी वाचकाला उपलब्ध झाली. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन कुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. डावीउजवीकडच्या भिंतींवर मिळून वीस ओळींचा मोठा लेख आहे. तो सातकर्णीच्या राणीचा आहे. तिचे ‘नायनिका’ (नागनिका) हे नाव प्रतिमांवरील नामलेखातून हाती लागते.

लेखाचा आरंभ नमनाने होतो. इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केले जाते. मग राणीची विशेषणे येतात : महिना-महिना उपवास करणारी, घरात तापसीप्रमाणे राहणारी, ब्रह्मचर्य आचरणारी, दीक्षा, व्रते आणि यज्ञ यांत निष्णात. इथपर्यंत वाचक सोबत असतो. यानंतर मात्र सुरू होते ती यादी. अग्न्याधेय, अन्वारंभणीय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम, आंगिरसत्रिरात्र, गर्गत्रिरात्र, त्रयोदशरात्र असे यज्ञ आणि त्यांपुढे दक्षिणा : बारा गायी आणि एक घोडा, १,७०० गायी आणि दहा हत्ती, ११,००० गायी आणि १,००० घोडे, २४,४०० कार्षापण, पुन्हा १,००१ गायी, पुन्हा १,००१ गायी, पुन्हा १०,००१ गायी. दगड मध्येमध्ये झिजला आहे, यज्ञांची नावे तुटली आहेत, पण ‘यज्ञ केला, दक्षिणा दिली’ हा साचा इतका स्थिर आहे की तुटलेल्या जागीही काय असावे याचा अंदाज बांधता येतो.

हा लेख धर्मग्रंथ नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्याची परिभाषा श्रौतसूत्रांतून आलेली आहे, त्याची रचना ब्राह्मणग्रंथांतील यज्ञ-दक्षिणेच्या प्रकरणांची छाया आहे आणि त्याचा आरंभ मंगलाने झाला आहे. शास्त्रातील सर्वांत रूक्ष असे जे दक्षिणांचे प्रकरण, ते येथे घाटमाथ्यावर, सर्वांच्या नजरेसमोर कोरले गेले आहे. म्हणूनच विचारायचा प्रश्न असा की, हा भाग कशासाठी आहे?

एका तपशिलाकडे लक्ष द्यावे. बारा गायींचा उल्लेख करताना लेखात आधी ‘बारस’ हा शब्द येतो आणि लगेच पुढे बाराचा अंक. आपल्या ‘बारा’चा हा पूर्वज, पण त्याहून महत्त्वाची आहे ती पद्धत. रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहिण्याची जी रीत आपण पावतीवर आणि खतावर पाळतो, तीच ही रीत. अशी काळजी फिर्याद किंवा शंका निर्माण होऊ शकते तेथेच घेतली जाते. म्हणजे हे वर्णन नसून साक्ष आहे. वर्णनाला एक हजार म्हटले काय आणि असंख्य म्हटले काय, सारखेच. साक्षीला १,००१ मधला शेवटचा एकही लागतो. येथे पुनरुक्ती टाळली असती, ‘असे अनेक यज्ञ करून पुष्कळ दक्षिणा दिली’ असे एका डौलदार वाक्यात म्हटले असते, तर लेख वाचनीय झाला असता आणि त्याचे कार्य नष्ट झाले असते. ज्याला आपण कंटाळा म्हणतो, तो येथे प्रामाण्याचा खर्च आहे.

आणखी एक नोंद या यादीत येते. ऋत्विजांना दक्षिणा दिल्यानंतर ‘प्रसर्पकां’ना ६,००१ कार्षापण दिल्याचे लिहिले आहे, अन्यत्र त्यांना वस्त्रे दिल्याचेही येते. प्रसर्पक म्हणजे यज्ञमंडपात येऊन बसलेले, पण यज्ञात कोणतेही काम नसलेले लोक. ब्यूलरने त्यांत प्रेक्षकांबरोबर सेवकवर्गही धरला आहे. स्तुतिपर काव्यात या मंडळींना जागा मिळाली नसती, कारण तेथे राणी, राजा, देव आणि पुरोहित एवढी पात्रे पुरेशी होती. यादीत ते आले, कारण यादीला खर्चाचा मेळ बसवायचा आहे. यज्ञाच्या कडेला बसलेला माणूस शास्त्रपाठात शिरला तो हिशेबाच्या दाराने.

४

नाणेघाटाची वाट ज्या जुन्नरात उतरते, त्याच्या भोवतीच्या शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. तेथील लेख संक्षिप्त आहेत आणि त्यांचाही साचा ठरलेला आहे : दात्याचे नाव, पित्याचे किंवा गावाचे नाव, दिलेली वस्तू आणि ‘देयधर्म’ हा शब्द. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत चैत्यगृह देतो. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके देते. इरिल, चिट आणि चंद हे यवन कुणी टाकी, कुणी भोजनमंडप, कुणी दर्शनी भाग देतात. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख ठेवींच्या संदर्भात येतात. आडुथुम नावाचा शक उपासक करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमीन नेमून देतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लेणी, घाटवाटा आणि व्यापार यांच्या परस्परसंबंधाकडे लक्ष वेधले, त्यालाही अशाच नीरस ओळींचा आधार होता. या ओळींतून धर्माचे तत्त्वज्ञान कळत नाही. पण तो धर्म कोणाच्या पैशांवर, कोणाच्या हातांनी आणि कोणाच्या पाण्यावर जगत होता, हे त्यांच्यावाचून अन्य कोणी सांगत नाही.

व्यवसायांची अशी यादी केवळ दानलेखातच असते असे नाही. ती वेदाच्या गाभ्यातही आहे. जुन्नरच्या नैर्ऋत्येला, आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या सीमेवर भीमाशंकर आहे. तेथे, किंबहुना प्रत्येक मोठ्या शिवस्थानी, अभिषेकाच्या वेळी यजुर्वेदातील रुद्राध्याय म्हटला जातो. त्याच्या अकरा आवर्तनांची एकादशनी, एकशे एकवीसांचा लघुरुद्र, १,३३१ चा महारुद्र आणि १४,६४१ चा अतिरुद्र. पुनरुक्तीचा याहून मोठा नमुना शोधणे कठीण. ऐकणाऱ्याच्या कानी पडतो तो ‘नमः’ आणि ‘च मे’ यांचा अखंड ठोका. बाकीचे शब्द त्या ठोक्यात बुडून जातात.

ते शब्द सुटे करून पाहिले की वेगळेच दृश्य उभे राहते. नमकात रुद्राला नमन होते ते सुतारांच्या, रथ करणाऱ्यांच्या, कुंभारांच्या, लोहारांच्या, पक्षी पकडणाऱ्यांच्या, निषादांच्या, बाण आणि धनुष्ये बनवणाऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या आणि कुत्री बाळगणाऱ्यांच्या रूपात. चोरांच्या आणि वाटमाऱ्यांच्या अधिपतीलाही त्यात नमन आहे. जुन्नरच्या लेण्यांतील श्रेणींची यादी आणि ही यादी यांचे नाते येथे लक्षात यावे. ज्या समूहांना पुढच्या काळात मंदिराच्या गाभाऱ्यापासून दूर ठेवले गेले, त्यांपैकी कित्येकांची नावे गाभाऱ्यातच रोज उच्चारली जात राहिली आणि उच्चारणाऱ्यांच्या ते ध्यानीही आले नाही. पाठ कंटाळवाणा असल्यामुळे तो ऐकला गेला नाही आणि ऐकला न गेल्यामुळे तो अबाधित राहिला, असे म्हणण्याचा मोह होतो.

चमकाची गोष्ट याहून बोलकी. त्यात यजमान एकेक वस्तू मागत जातो. भात, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर हे मागून झाल्यावर तो प्रियंगू, अणू, श्यामाक आणि नीवार मागतो, म्हणजे राळा, बारीक दाण्याचे भरड धान्य, सावा आणि आपोआप उगवणारे देवभात. शहरी वाचकाला ही केवळ नावे आहेत. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील डोंगरउतारांवर नाचणी, वरई आणि सावा पिकवणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना तीच शेताची ओळख आहे. पाठ ज्याला समजावा असे आपण गृहीत धरतो त्या विद्वानाला तो शब्दकोशाशिवाय कळत नाही आणि ज्याला पाठाचा अधिकारच नव्हता त्याला त्यातील वस्तू हाताने माहीत आहे. चमकाच्या शेवटच्या अनुवाकात तर वस्तूही संपतात आणि उरतात निव्वळ संख्या : एक, तीन, पाच अशा तेहतीसपर्यंतच्या विषम संख्या आणि मग चारच्या पटीने अठ्ठेचाळीसपर्यंत. यांचे गूढार्थ पुष्कळांनी लावले आहेत. तथापि मागणाऱ्याला काही राहून जाऊ नये अशी धास्ती वाटते आणि वस्तूंची नावे संपल्यावर तो मोजणीलाच शरण जातो, एवढा साधा अर्थही त्या पाठाला पुरेसा न्याय देतो असे वाटते.

५

आता तिसरा पाठ. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात आळे येथे रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या प्रवासात येथे निवर्तला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) ही कथा घरोघर पोचवली. कथेतील रेडा पाण्याची पखाल वाहणारा आहे, आणि त्याचेही नाव ‘ज्ञाना’ आहे या टोमण्यातून प्रसंग पेटतो, असे परंपरा सांगते.

येथे यास्काने नोंदवलेली ओझ्याची प्रतिमा आठवावी. अर्थ न जाणता वेद पाठ करणारा भारवाहक, असे शास्त्राचे म्हणणे; कथेने प्रत्यक्ष भारवाहकालाच वेद म्हणायला लावले. या कथेकडे चमत्कार म्हणून पाहिले जाते किंवा घोकंपट्टीवरचा उपहास म्हणून. उपहासाचा भाग उघड आहे : अर्थावाचूनच वेद म्हणायचे असतील, तर ते रेड्यालाही जमते. पण उपहासाने कथा संपत असती तर रेड्याची समाधी बांधली गेली नसती. लोकांनी त्या प्राण्याला पूज्य मानले, कारण ज्याच्यावर आजवर ओझेच लादले गेले त्याच्या मुखी तो पाठ आला. अर्थ पाठात होता की म्हणणाऱ्याच्या जागेत, हा प्रश्न कथा शास्त्रार्थ न करता सोडवते. तेच शब्द, तेच स्वर. बदलला तो उच्चारणारा, आणि त्याबरोबर अर्थही बदलला.

कथेच्या मागे स्वतः ज्ञानदेवांची कृती उभी आहे. नेवाशास शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गीतेत पाच श्लोकांत ज्ञानाची विसेक लक्षणे ओळीने येतात : अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव आणि पुढे. मूळ संहितेतला हा भाग म्हणजे भाववाचक नामांची यादी. निवडक गीतेत तो सहसा सापडत नाही. ज्ञानदेवांनी नेमक्या याच ठिकाणी शेकडो ओव्या वेचल्या. यादीतील एकेका नामासाठी त्यांनी चालणे, बोलणे, पाहणे, हात उचलणे अशा क्रिया उभ्या केल्या. अहिंसेपाशी तर ते थांबून पूर्वमीमांसेतल्या यज्ञीय हिंसेचा आणि औषधासाठी जीव घेणाऱ्या वैद्यकाचा समाचार घेतात, आणि एवढा विस्तार का केला याचे समर्थनही श्रोत्यांपुढे मांडतात. नाणेघाटात ज्या यज्ञांचा जमाखर्च कोरला आहे, त्या यज्ञसंस्थेची मराठीतील ही परखड चिकित्सा एका यादीच्या पोटातून निघाली आहे, हे आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेसे लक्षात घेतलेले नाही. कंटाळवाण्या पाठापुढे तीन मार्ग असतात : तो गाळणे, तो उरकणे किंवा त्याच्यापाशी थांबणे. ज्ञानदेव थांबले. आज जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी होणाऱ्या सप्ताहांत हाच अध्याय पारायणाच्या वेगात उरकला जातो, हा परंपरेतला विरोधाभास नोंदवायला हवा.

६

या विवेचनातून काही मर्यादाही स्पष्ट होतात. प्रत्येक नीरस ओळीत गूढ अर्थ असतोच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तसा आग्रह धरला की रूपकांची भरमार होते आणि बारा गायी म्हणजे बारा महिने असे समीकरण मांडून वाचक पुन्हा गायींपासून पळ काढतो. नाणेघाटच्या बारा गायी या बारा गायीच आहेत. त्यांचा अर्थ त्या मोजल्या गेल्या यात आहे.

दुसरी मर्यादा यादीच्या स्वरूपातच आहे. यादी सर्वसमावेशक असल्याचा आव आणते, पण ती सत्तेच्या हाताने लिहिलेली असते. नाणेघाटात हजारो गायींची गणती आहे, त्या वळणाऱ्या गुराख्यांची नाही. प्रसर्पकांना दिलेल्या रकमेत शेवटचा कार्षापणसुद्धा नोंदला आहे, पण त्यांतील एकाचेही नाव नाही. रुद्रात कुंभाराला नमन आहे, कुंभाराचा शब्द नाही. तेव्हा याद्यांचे वाचन म्हणजे याद्यांचा गौरव नव्हे. कोण मोजले गेले याबरोबर कोण मोजणीबाहेर राहिले हेही वाचावे लागते, आणि हे दुसरे वाचन पहिल्यावाचून शक्य होत नाही. ज्याने यादी गाळली, त्याला तिच्यातील गाळलेल्या जागाही दिसणार नाहीत.

या तीन पाठांवरून असे म्हणता येईल की, धर्मग्रंथातील कंटाळवाणा भाग हा त्या ग्रंथाचा जगाशी व्यवहार करणारा भाग असतो. सुंदर भागात ग्रंथ स्वतःविषयी बोलतो; नीरस भागात तो गायी, धान्य, नाणी, कारागीर आणि साक्षीदार यांच्याविषयी बोलतो. तेथे वाचकाला रिझवणे हा त्याचा हेतू नसतो, कारण तेथे त्याला वाचकच अपेक्षित नसतो; अपेक्षित असतो तो पाहणारा, मोजणारा, ऐकणारा किंवा घेणारा. अशा पाठाला सौंदर्याच्या निकषाने नापास करण्याऐवजी त्याचे कार्य विचारले, तर मराठी समीक्षेच्या कक्षेत मोठी सामग्री येऊ शकेल : महानुभावांच्या ‘स्थानपोथी’तील दिशांचे आणि अंतरांचे तपशील, शिलाहार-यादवांच्या दानपत्रांतील चतुःसीमा, गावोगावच्या दैवतांच्या नामावळ्या. हे सारे आज पुरातत्त्व, इतिहास आणि लोकसंस्कृती यांच्या अभ्यासकांकडे सोपवलेले आहे. त्यांनी ते जपले आणि वापरले. ते वाचण्याचे काम मात्र साहित्याच्या अभ्यासकांकडे बाकी आहे.